हौशी फेऱ्या ते पहिले मानधन : इंदूरकर छायाचित्रकारांचे अनुभव

रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या किंवा लालबाग गाठणारी मराठी मंडळी इंदुरात आता बरीच दिसतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी एक विचारणा होतेच, की आमच्याकडे एक कार्य आहे, तुम्ही किती घ्याल? या प्रश्नाला जीभ अडखळते. ही वाट आपल्या शहराला नवी नाही. लाला दीन दयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात अंदाजपत्रके आणि नकाशे करणारे नोकरदार म्हणून लागले, १८७४ च्या सुमारास त्यांनी हौसेने कॅमेरा हाती घेतला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहन त्यांना मिळाले आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. सगळ्यांनाच निजाम भेटत नाही, म्हणून विचारावेसे वाटते : तुम्ही कुठे भटकलात, पहिला पैसा कशाचा मिळाला आणि तेव्हा काय चुकले? फोटो किती सुंदर आला याचे वर्णन थोडक्यात केले तरी चालेल; चुकलेले मात्र सविस्तर लिहावे.

शाळाशिक्षिका, राजेंद्र नगर

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॅमेरा कपाटात पडून राहिला, तो मी उचलला. धार रोडवरचे सिरपूर तळे मला सोयीचे होते. सकाळी सहाला निघून शाळेच्या वेळेआधी परत येता येत असे. (२०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, त्यानंतर तिथे माणसे वाढली, हे पक्ष्यांना कितपत मानवले ते पक्षीच जाणोत.) पहिल्या हिवाळ्यातले माझे सगळे पक्षी काळे आहेत, कारण मी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहत होते. सूर्य पाठीशी घ्यायचा, एवढी साधी गोष्ट भूगोल शिकवणाऱ्या बाईला दोन महिन्यांनी समजली. पुढे लक्षात आले, की आधी पक्षी वाचावा लागतो. वारकरी पक्षी उडण्यापूर्वी पाण्यावर बरेच अंतर धावतो, त्यामुळे बोट तयार ठेवायला वेळ मिळतो. खंड्या मात्र कसलीही पूर्वसूचना देत नाही, त्याच्यासाठी शटर १/२००० सेकंदावर लावून फांदीकडे पाहत बसणे एवढेच हाती असते.

श्रावणातल्या एका सकाळी लांब शेपटीचा कमळपक्षी अंड्यांवर बसलेला मिळाला. या जातीत अंडी उबवण्याचे काम नर करतो, हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुली खूश झाल्या. तोच फोटो शाळेच्या फलकावर पाहून एका पालकांनी, त्यांचे बियाण्यांचे दुकान आहे, दिनदर्शिकेसाठी मागितला. "बाई, काय द्यायचे?" असे त्यांनी विचारले आणि मी, मराठी मध्यमवर्गाला शोभेल असे, "द्या काहीतरी" म्हणाले. पाचशे रुपये आणि दहा दिनदर्शिका मिळाल्या.

खरी फजिती छपाईत झाली. पक्षी मूळ चौकटीत लहान होता, म्हणून मी कडा कापून त्याला मोठा केला होता. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असला तरी कापून उरलेला तुकडा जेमतेम २१०० बाय १४०० बिंदूंचा होता. छापखान्याला इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे तो फोटो सात इंच रुंदीपर्यंतच नीट छापला जाणार, आणि दिनदर्शिका पंधरा इंचांची होती. पिसांच्या जागी बुरशी आल्यासारखे दिसले. दुकानदारांना ते जाणवलेही नाही, पण ती दिनदर्शिका वर्षभर शिक्षकदालनात माझ्या समोर टांगलेली होती. आता मी लेन्सच्या भरवशावर न राहता काठावरच्या बेशरमीच्या झुडपांआड खाली बसून जवळ जाते, आणि फोटो देताना कशासाठी, किती आकारात आणि किती काळ वापरणार हे आधी लिहून घेते. मागच्या वर्षी एका फोटोचे अडीच हजार मागितले आणि मिळाले.

संगणक अभियंता, सुदामा नगर

माझे पहिले पैशाचे काम लग्नातले, आणि ते मला फोटोंमुळे मिळाले नाही. मी दीड वर्ष राजवाडा, छप्पन दुकान, मांडूचा जहाज महाल असे नेहमीचे फोटो काढत होतो. ओळखीच्या एका व्यावसायिक छायाचित्रकारांना मराठी लग्न मिळाले होते आणि त्यांच्या चमूत मराठी जाणणारे कोणीच नव्हते. सीमांतपूजन कधी, गौरीहारापाशी मुलगी कधी बसते, कानपिळीला कोण पुढे येणार, झाल म्हणजे काय, हे सांगायला माणूस हवा होता. दिवसाचे दीड हजार ठरले. कॅमेरा जवळ आहे तर तोही आणा, असे ते सहज म्हणाले.

गोरज मुहूर्त होता. अंतरपाट धरलेला, शेवटचे मंगलाष्टक चाललेले, मी नेमका वधूच्या बाजूने तिरका उभा, म्हणजे पाट खाली येताच दोघांची पहिली नजर मिळावी. जागा अगदी बरोबर होती. "सावधान" झाले, ताशा कडाडला, पाट खाली आला आणि त्याच क्षणी शे-दोनशे हातांतून अक्षता उडाल्या. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसने सर्वांत जवळची हलणारी वस्तू धरली. माझ्याकडे त्या क्षणाचे अकरा फोटो आहेत. सगळ्यांत कुंकू लावलेला तांदळाचा एकेक दाणा काचेसारखा लख्ख आहे आणि मागे दोन माणसांच्या आकाराचा धूर आहे. मुख्य छायाचित्रकारांनी समोरून काढलेला फोटो व्यवस्थित होता म्हणून निभावले. त्या रात्री त्यांनी शिकवले, की पाट असतानाच वधूच्या चेहऱ्यावर फोकस घ्यायचा, तो तिथेच बांधून टाकायचा आणि मग अक्षतांचे काहीही होवो, त्याला हात लावायचा नाही. त्यासाठी शटरच्या बटणावरून फोकसचे काम काढून ते मागच्या बटणाकडे दिले, ते आजतागायत तसेच आहे.

त्याच लग्नात सूनमुख बघताना आरशात सासूबाई, सून आणि तिसरा मी, असाही एक फोटो आला. तो त्यांनी अल्बममध्ये मुद्दाम घ्यायला लावला. त्यानंतर मी प्रत्येक कार्याच्या आदल्या दिवशी गुरुजींना फोन करतो, कारण देशस्थ, कोकणस्थ आणि मराठा घरांत विधींचा क्रम आणि चाली थोड्या बदलतात आणि छापील वेळापत्रकात ते कुठेही नसते. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा घेईपर्यंत मात्र मी मुख्य काम स्वीकारले नाही. सप्तपदी पुन्हा घेता येत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी, स्नेहलतागंज

माझा अनुभव आखूड आहे. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी शिरलो. पाण्याच्या तोफांची धास्ती होती म्हणून कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळले, पण पाण्याने काही केले नाही. कोरडा गुलाल झूमच्या कडीत शिरला आणि लेन्स फिरताना वाळू दळल्यासारखा आवाज येऊ लागला. या छंदात पैशाचा पहिला व्यवहार झाला तो दुरुस्तीवाल्याशी, आणि पैसे मी दिले. पुढच्या वर्षी एका गच्चीवरून, झूम नसलेली लेन्स लावून आणि ती एकदाही न बदलता फोटो काढले.

निवृत्त कारकून, लोकमान्य नगर

अभियंता महाशयांना दीड हजार तरी मिळाले. मी नात्यातली एक मुंज "घरचेच कार्य आहे" या तीन शब्दांवर केली. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत उभा, चौदाशे फोटो, जेवण शेवटच्या पंगतीत, त्यानंतर तीन आठवडे रात्री बसून निवड आणि रंगदुरुस्ती. एवढे करून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, की भिक्षावळीत मुलाच्या आत्याचा फोटोच नाही. तो नव्हता, हे खरे. त्या वेळी मी कार्ड बदलत होतो. पण जो माणूस पैसे घेतो त्याला लोक यादी देतात, कोण कोण महत्त्वाचे ते दाखवून देतात. फुकट काम करणाऱ्याने ते मनकवडेपणाने ओळखावे अशी अपेक्षा असते. मग मी एका पानाचा कागद तयार केला : किती तास, किती फोटो, किती दिवसांत, अर्धी रक्कम आगाऊ. नातेवाइकांना वेगळा दर ठेवला, पण कागद तोच. दोन घरे दुखावली, तिसऱ्याने सही केली.

वकील, तिलक नगर

वरील कागदात एक ओळ वाढवावी असे सुचवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन फोटो काढायला सांगितला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला हक्कदार काम देणारा असतो, काढणारा नव्हे. त्यामुळे लग्नाचे फोटो आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचे असतील, तर तशी परवानगी कागदातच घ्यावी. शिक्षिकाबाईंचा कमळपक्षी मात्र त्यांनी स्वतःच्या हौसेने टिपला होता. त्याचा हक्क त्यांचाच, आणि पाचशे रुपयांत त्यांनी दिला तो फक्त वापर. मी स्वतः फोटो वाईट काढतो.

गृहिणी, रामबाग

माझे माहेर महेश्वरचे, म्हणून दिवाळीनंतर तिथे जाणे होतेच. तिथले घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आणि दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे थंडीत सूर्य खालून दक्षिणेकडे कलून जातो तेव्हा दिवसभर पायऱ्यांवर आणि किल्ल्याच्या कोरीव भिंतीवर तिरका प्रकाश पडतो. नदीच्या मधोमध बाणेश्वराचे देऊळ, पहाटेचे धुके, एखादी नाव. असे माझ्याकडे शेकडो फोटो आहेत, सगळ्यांनी वाखाणले आहेत आणि त्यातला एकही आजवर विकला गेलेला नाही.

पैसे मिळाले ते साड्यांचे. इंदुरातल्या एका ओळखीच्या बाई घरून महेश्वरी साड्या विकतात. मोबाइलवरच्या फोटोत जांभळी दिसणारी साडी हातात पडल्यावर वांगी रंगाची निघते, म्हणून त्यांच्याकडे साड्या परत यायच्या. चाळीस साड्या, साडीमागे साठ रुपये, असे ठरले. पहिल्या दिवशी मी दिवाणखान्यात ट्यूबलाइट आणि खिडकी असा दोन्हींचा उजेड घेतला आणि बारा साड्या वाया घालवल्या, कारण एकाच पदराची एक बाजू हिरवट आणि दुसरी निळसर आली. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे दिवे बंद करून उत्तरेच्या एकाच खिडकीपाशी पांढरी चादर टाकली, प्रत्येक साडीआधी राखाडी रंगाचा पुठ्ठा ठेवून एक फोटो घेतला आणि नंतर रंग त्या पुठ्ठ्यावरून जुळवले. जरीचा काठ समोरून काढला तर एक तर पांढरा भगभगीत येतो नाही तर मेलेला पितळी. खिडकीच्या बाजूने थोडा दुमडून ठेवला की त्यातली चटईची वीण दिसते. महेश्वरी काठाची खुबी ही, की तो दोन्ही बाजूंनी नेसता येतो, म्हणून मी दोन्ही बाजू एकाच चौकटीत दाखवू लागले. ही युक्ती छायाचित्रणातली नव्हे, ती आईकडून आलेली. साड्या परत येणे बरेच कमी झाले आणि बाईंनी पुढची खेप मला न विचारताच माझ्या घरी पोहोचवली, तेव्हा मी दर शंभर केला.

औषधविक्रेता, नारायण बाग

सराफ्यात रात्री दुकाने मिटल्यावर खाऊच्या गाड्या लागतात, तिथे गराडू तळताना काढलेला फोटो मी गाडीवाल्याला दाखवला. त्याने तो मोठा छापून मागितला, मी छापून दिला, आणि त्याबद्दल दोन प्लेट गराडू मिळाले, लिंबू वेगळे. छपाईचा खर्च तीनशे. थंडी होती, तक्रार नाही.

लेखापाल, शिवाजी नगर

मी उलट्या बाजूचा आहे. दोन हंगाम लग्ने केली, पैसे बरे मिळाले आणि मग सोडून दिली, कारण एप्रिल-मेमधला एकही रविवार उरेना आणि जूनमध्ये पाऊस आला तरी मी घरात बसून अल्बमच जुळवत होतो. ज्यासाठी कॅमेरा घेतला तो पातालपाण्याचा धबधबा राहूनच गेला होता. २०१८ च्या डिसेंबरात पातालपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजवरची वारसा गाडी सुरू झाली, तिने मी पावसाळ्यात गेलो. बोगद्यातून बाहेर येताना खिडकीबाहेर एकदम हिरवे होते, तेव्हा कॅमेरा अर्धा सेकंद गोंधळतो. आधीच उजेडाचे माप बाहेरच्या डोंगरावरून घेऊन ठेवावे. धबधब्याचे पाणी दुधासारखे यायला काळी काच लावून शटर अर्धा सेकंद उघडे ठेवतो, आणि ओल्या पानांवरची चकाकी घालवायला फिरती ध्रुवण काच लावतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. पातालपाण्याच्या माथ्यावर ट्रायपॉड घेऊन प्रवाहात उतरू नका. २०११ च्या जुलैत वरच्या पावसाने पाणी अचानक चढले आणि बघता बघता माणसे वाहून गेली. खाली ऊन होते की नव्हते याचा त्याच्याशी संबंध नसतो. मी कठड्यामागूनच फोटो काढतो. त्यात डावीकडे लोखंडी नळीचा एक तुकडा येतो, तो मी कापत नाही.

परवा एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, धाकट्या मुलीचे लग्न आहे म्हणून. वर लिहिणाऱ्या अभियंता महाशयांनी आपला नंबर कळवावा, काम त्यांच्याकडे पाठवतो. मुहूर्त गोरजच आहे.