शब्दचर्चा : ‘पापाला मेलेले’, हा ‘ला’ बरोबर आहे का?

कृष्णाकाठची : रविवारी मिरजेत उपासनेला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला. त्यात आपण ‘पापाला मेलेले’ आहोत, असे शब्द येतात. माणूस तापानं मरतो, भुकेनं मरतो. ‘पापाला’ कसा मरेल? सासूबाई म्हणतात, छपाईची चूक नाही, लहानपणापासून असंच ऐकतोय. आणि मेलेलेच असू, तर मला अजून राग येतो, तोंडातून खोटं निसटतं, त्याचं काय?

हळदपेठ : ताई, चूक नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथं चतुर्थी आहे. गंमत अशी की इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाही मृत माणसासोबत तीच विभक्ती येते. मराठीत मात्र तिचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात : तिकडं ‘पातकांमुळे मृत’, इकडं ‘पापाला मेलेले’. एका प्रत्ययानं माणूस गुलामाचा मोकळा होतो.

हा ‘ला’ आपल्या घरातलाच आहे. माझ्या आजीनं जमिनीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी संबंध तोडला. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “आजपासून मी तुला मेले.” भाऊ त्याच गल्लीत राहायचा. संध्याकाळी दारावरून जाताना “आक्का” म्हणून हाक मारायचा. आजीचे निवडते हात सुपात थांबायचे, पण ती उठायची नाही. तिनं केलं ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही, त्याची खंत आम्हाला अजून आहे. पण भाषा बघा. भाऊ जिवंत, आजी जिवंत. मेलं ते नातं.

हे पत्र लिहिणारा पौल त्या अध्यायात पाप मेलं असं कुठंच म्हणत नाही. मेला तो विश्वास ठेवणारा, ख्रिस्ताबरोबर. म्हणून पापाची हाक येत राहणार, तुम्हाला राग येतो तो त्यातलाच. ओ देण्याचं बंधन तेवढं उरलं नाही.

घाटाखालचा : पण ११व्या ओवीत तर आपण पापाला मेलेले आहोत ‘असे माना’ म्हटलंय. म्हणजे नसलेलं असल्यासारखं समजायचं?

हळदपेठ : दादा, हाच शब्द मला सगळ्यात जवळचा. ग्रीक क्रियापद ‘लोगिझोमाइ’, हिशेब धरणे, खात्यावर मांडणे. चौथ्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून ‘गणला’ गेला, तिथंही हेच क्रियापद.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे. शेतकऱ्याची उचल त्याच्या पट्टीतून फिटली की मी खतावणीत जमा धरतो. माझ्या लिहिण्यानं पैसा तयार होत नाही, तो आधी आलेला असतो. तरी काही जण पुढच्या हंगामात मान खाली घालूनच पायरी चढतात. “दिवाणजी, माझं किती राहिलं?” मी पान उघडून बोट ठेवतो : निल. ‘माना’ म्हणजे त्या पानावर विश्वास ठेवून मान वर करा.

घाटाखालचा : मग खातं निल झालं म्हणून खुशाल नवी उचल घ्यावी? हा प्रश्न पौलानंच अध्यायाच्या पहिल्या ओळीत विचारलाय आणि लगेच झिडकारलाय. पंडिता रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकून १९२२पर्यंत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. तुमच्या आजीचा ‘ला’ त्याच जातीचा वाटला.

एक भर घालतो. अध्यायाच्या शेवटी ‘पापाचे वेतन मरण’ येतं. तिथला ग्रीक शब्द शिपायाच्या शिधा-पगाराचा आहे, आणि समोर येतं ‘कृपादान’. पगार राबून मिळतो, दान राबून मिळत नाही. तिथं ‘वेतन’ऐवजी ‘फळ’ घातलं, तर हा विरोध पुसला जाईल.

कृष्णाकाठची : सासूबाईंना वाचून दाखवलं. सुपाशी आल्यावर त्यांनी थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं.