मुक्तिनाथला मे महिन्यात जावं की दिवाळीत?

रंकाळाकाठ:
मंडळी, आईबाबांना घेऊन काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ करायचंय. पोरांच्या शाळेमुळं मे नाहीतर दिवाळीची सुट्टी, एवढंच हातात हाय. टूरवाला म्हणतोय मे मध्येच चला, हवा मस्त असते. आईचा सगळा जीव तिथल्या मंदिरातल्या पाण्याच्या 108 धारांत, तिला बीपीची गोळी चालू आहे. बाबांना हिमालय दिसला की झालं. काय करू? आणि गरम कपडे किती न्यायचे?

गगनबावडेकर:
बाबांना डोंगर दाखवायचा असंल तर मे विसरा. मार्च-एप्रिलला तिकडं रानात वणवे लागतात, धूर आणि धूळ मिसळून पोखऱ्यातनं जवळचं माच्छापुच्छ्रे शिखर पण कधीकधी दिसत नाही, आणि मे मध्ये दुपारनंतर गडगडाट, वळीव, कधी गारा. जून ते सप्टेंबर पाऊसच. दिवाळीला आभाळ धुऊन निघालेलं असतंय, तेव्हाच जावा. अजून एक गंमत, पोखऱ्याला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि अन्नपूर्णेच्या पलीकडं जोमसोम-मुक्तिनाथ कोरडं ठणठणीत. आपला पावसाळी गगनबावडा आणि कोरडं शिरोळ कसं, तसंच, फक्त मधला डोंगर आठ हजार मीटरचा 😄 म्हणून काहीजण पावसाळ्यातच निघतात, पण बेनी गावावरनं वर मुक्तिनाथला जाणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळतात त्याचं काय?

तांबडापांढरा:
+1 दिवाळी. कपड्यांचं म्हणाल तर पोखऱ्यात (साधारण 800 मीटर) दिवसा हाफ शर्ट चालतोय, पण हजार मीटर वर गेलं की सहा-एक डिग्री उतरतात आणि मुक्तिनाथ 3,700 च्या वर, रात्री पारा शून्याखाली गेला तरी नवल नाही. जाड स्वेटरांचा ढीग नको, पातळ कपडे एकावर एक आणि वर वारा अडवणारं जॅकेट. कारण खरा ताप थंडीचा नाही, वाऱ्याचा. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपार व्हायच्या आत असा सुटतोय की जोमसोमची विमानं सकाळीच उरकून घेतात. सकाळी ढग असले तर तीही रद्द, त्यामुळं एक दिवस हातचा ठेवाच. आणि ऑक्टोबर म्हणजे गॅरंटी असं पण नाही बरं का, 2014 ला हुडहुड वादळाच्या शेपटानं मुक्तिनाथच्या वरच्या ‘थोरांग ला’ खिंडीत आणि आसपास बर्फ पडून चाळीसच्या वर माणसं गेली. तुम्ही खिंडीत जाणार नाही, तरी निघायच्या आधी बंगालच्या उपसागरात काय चाललंय बघा.

मिरजकर_ताई:
दादा, हवामानाचं ठीक, पण आईंना पोखऱ्यातनं एका दमात वर नेऊ नका. जोमसोम किंवा मार्फाला, म्हणजे 2,700 च्या आसपास, रात्र काढा मग वर. मुक्तिनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो. डोकं दुखून मळमळायला लागलं तर दर्शन राहू दे, सरळ खाली उतरायचं. आणि गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा, ग्रुपवर नको.

रंकाळाकाठ:
दिवाळी फिक्स! टूरवाल्याला कळवतो. पण आई धारांखाली अंघोळ करणारच म्हणतेय, तिला कोण सांगणार 🙏

मिरजकर_ताई:
नका करू देऊ हो, पाणी बर्फाचंच असतं. हातानं धारा शिवून डोक्यावर शिंपडू दे. तेवढंही ऊन वर आल्यावर, पहाटे नाही. कानटोपी आणि कोरडे मोजे मात्र पिशवीत वरच ठेवा.