उरेब सॅटिन स्कर्ट फिरतोय, घेर वर-खाली होतोय. शनिवारपर्यंत मदत हवी आहे

मोगरा_७
टीव्हीवरची ब्रिटिश शिवणस्पर्धा सुइंग बी बघून उरेब, म्हणजे कापड ४५ अंशात तिरकं कापून, स्कर्ट करायला घेतला. सॅटिनचा आहे. शिवून झाला आणि आता बाजूच्या शिवणीला चुण्या पडल्यात, चार पावलं चाललं की डावी शिवण पोटावर येते, आणि खालची कड एकीकडे लांब, एकीकडे आखूड. कापताना माप बरोबर होतं, तीनदा तपासलंय. शनिवारी घालायचाय. तिथे ते लोक काही तासांत उरकतात आणि माझे चार दिवस गेले. "टेलरकडे द्या" हा सल्ला कृपया नको.

काजबटण
कुठलं सॅटिन? मशीन कुठलं? सुई किती नंबर? दोरा? टाका किती लांब?

मोगरा_७
साधं सॅटिन हो, मुंबईत हिंदमाताच्या कापडबाजारात मिळतं ते. मशीन नेहमीचंच. सुई होती तीच.

काजबटण
"होती तीच" म्हणजे बहुतेक १६. ती चादरी, पडदे, जीन्सला ठीक. सॅटिनला ९ किंवा फार तर ११. जाड सुई घट्ट विणीचे धागे बाजूला ढकलते, त्यांना परत जागा मिळत नाही आणि शिवणीशेजारी बारीक लाटा उठतात. घरच्या मशीनला एचएएक्स१ची पाकिटं मागा. दुकानदार घाईत डीबीएक्स१ देतो, ती कारखान्याच्या मशीनची, तिचा दांडा पूर्ण गोल असतो. तुमच्या सुईच्या दांड्याला एक बाजू सपाट आहे, ती बघून घ्या.

गिरगावची_पिको
एवढं काय त्यात! खालची कड सरळ कापून पिको मारून घ्या, पाच मिनिटांचं काम. कोपऱ्या-कोपऱ्यावर पिकोवाले बसलेत.

उभाधागा
उरेब कडेवर पिको? नको. दाट झिगझॅगमुळे ताणलेल्या कडेत दोरा ठासून भरला जातो, कड आखडत नाही, उलट कोबीच्या पानासारखी लाटालाटांची होते. ओढणीला चालेल, या स्कर्टला नाही.

मोगरा_७, आता दोन गोष्टी सांगा. पुढचा आणि मागचा भाग कापताना पॅटर्नचा कागद कापडावर कसा ठेवला होता? आणि खालची कड शिवायच्या आधी स्कर्ट टांगून ठेवला होता का?

मोगरा_७
टांगून कशाला? शिवला आणि लगेच खाली दुमडून टीप मारली. कागद ४५ अंशातच ठेवला, कोनमापक लावून. पावणेदोन मीटर कापड होतं, पन्हा ४४. दोन्ही भाग बसेनात म्हणून मागचा भाग उलटा फिरवून ठेवला, कमर खाली आणि घेर वर. कसंबसं बसलं.

उभाधागा
सापडलं. शिवण फिरण्याचं कारण हेच.

कागद अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवला तरी उभ्या धाग्याची तिरकी दिशा तीच राहते. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून फिरवून बघा. म्हणजे तुमच्या दोन्ही भागांत उभा धागा एकाच बाजूला झुकलाय. अंगावर घातल्यावर तो दोरखंडाच्या पिळासारखा कमरेभोवती गोल फिरतो आणि स्कर्टला आपल्यासोबत ओढतो. मागचा भाग पुढच्याचं आरशातलं प्रतिबिंब हवा. बाजूच्या शिवणीवर दोन्हीकडचे धागे उलट्या व्हीसारखे भेटले की ओढ एकमेकांना मारते. त्यासाठी कागद ९० अंश फिरवायचा, किंवा पालथा करून ठेवायचा.

खालची कड वर-खाली होण्यामागेही हेच अर्धं कारण. घेरदार भागाची एक बाजू उभ्या धाग्याजवळ जाते, दुसरी आडव्याजवळ. आडवा धागा बहुतेक कापडांत जास्त देतो. म्हणून डावी-उजवी सारखी लोंबत नाही, आणि मधला खरा उरेब भाग सगळ्यांत जास्त उतरतो. तुमचं माप चुकलेलं नाही, कापड उतरलंय.

दुहेरी_घडी
आरशासारखं कापायचं हे कॉटन, क्रेपला ठीक आहे. सॅटिनला नाही! सॅटिनची चमक उभ्या धाग्यांच्या लांब उड्यांमुळे असते. पुढचा भाग उजवीकडे झुकलेला आणि मागचा डावीकडे असला तर दिव्याखाली दोन वेगळ्या छटा दिसतात. मी तरी एकाच दिशेने कापा म्हणेन.

उभाधागा
पुढचा आणि मागचा भाग एका नजरेत कोण बघतं? छटा बदलते ती शिवणीवर, तिथे तशीही सावली असते. पोटावर आलेली शिवण मात्र समोरून दिसते. मध्यभागी शिवण असलेल्या पुढच्या भागाबद्दल बोलत असाल तर तुमचं म्हणणं विचारात घेईन.

दुहेरी_घडी
घ्या मग. आणि १८० फिरवल्यावर सॅटिनची छटा थोडी बदलतेच, म्हणजे तिची चमक आधीच बिघडली आहे. माझा मुद्दा खोटा नाही.

रिमोट_कुठाय
सुइंग बीमध्ये हे सगळं परीक्षक मे मार्टिन बाई छान समजावतात.

काजबटण
कुठल्या काळात आहात? त्या पहिले तीन हंगाम होत्या. २०१६पासून एस्मी यंग आहेत. पॅट्रिक ग्रँट २०१३च्या पहिल्या हंगामापासून. लंडनमधल्या शिंप्यांच्या सॅव्हिल रोवर नॉर्टन अँड सन्स चालवणारा माणूस, म्हणून त्याची नजर आधी कॉलर, बाही आणि शिवणीच्या सरळपणावर जाते. सूत्रसंचालनातून क्लॉडिया विंकलमन गेली, जो लायसेट आला, मग सॅरा पॅस्को.

रिमोट_कुठाय
बरं बरं. पण त्यांना इतक्या कमी वेळात जमतं कसं, हा मोगराताईंचा मूळ प्रश्न आहे ना?

काजबटण
तो प्रश्न नव्हता, चिडचिड होती. तरी सांगतो. तीन फेऱ्या असतात. पहिलीत पॅटर्न हातात मिळतो, दुसरीत जुन्या कपड्याचं नवं काहीतरी करायचं, तिसरीत समोर जिवंत मॉडेल असते. तिसरीचं काम आधीच माहीत असतं, घरी सराव करून येतात. शेजारी ओव्हरलॉक, वाफेची इस्त्री, मापाचा पुतळा. आणि तिथला उरेब ड्रेस मॉडेलच्या अंगावर काही मिनिटं राहतो. रात्रभर टांगला तर त्याचीही कड उतरेल, आपल्याला ते दिसत नाही एवढंच.

कटोरीवाली
मराठीत असा कार्यक्रम काढला तर पहिल्याच भागात कटोरी ब्लाउज द्यावा, अर्धे घरी जातील. कटोरी उरेब कापायची, बाजूचा भाग उभ्या धाग्यावर. जोडताना कटोरी खाली, मशीनच्या दात्यांच्या बाजूला ठेवायची. दाते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात, त्यामुळे जादा लांबी चुणी न पडता आत जिरते. वर ठेवली तर शेवटी पाव इंच उरतं आणि टोक निघतं.

मोगरा_७
ब्लाउज कोणी विचारला? 😑 मला शनिवारचं सांगा. कापड परत आणायचं की हाच वाचेल?

उभाधागा
बाजूच्या शिवणीला माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) किती ठेवलीय? शिवण किती सहज उसवते? आणि कापड पॉलिएस्टर की व्हिस्कोस? कतरणीचा एक धागा काढून जाळून बघा. वितळून काळा कडक गोळा झाला तर पॉलिएस्टर. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर व्हिस्कोस.

मोगरा_७
गोळा झाला. माया अर्धा इंच.

उभाधागा
मग हाच स्कर्ट शनिवारी नीट दिसण्याइतका वाचेल. फिरणं पूर्ण जाणार नाही, धाग्याची दिशा आता बदलता येत नाही. कमी मात्र होईल.

आधी कमर बांधा, बाकी सगळं नंतर. कमरेचं उरेब कापड हाताळतानाच सैल होतं, म्हणून आत काठाची पट्टी बसवा. त्याच कापडाचा काठ एक सेंमी रुंदीने कापला तरी पुरतो, तो ताणत नाही. चेन असेल तर तिच्या दोन्ही कडांना दोन सेंमी रुंद पेस्टिंग (इस्त्रीने चिकटवायचं आधाराचं कापड), तेही उभ्या धाग्यावर कापलेलं. नाहीतर चेन सापासारखी वळते.

दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवा. पॉलिएस्टर सॅटिनवर जुन्या सुईची भोकं राहतात, म्हणून नवी शिवण जुनीच्या आत, अंगाच्या बाजूला तीन मिलीमीटरवर घ्या. भोकं मायेत जातील. चार कडांना तीन-तीन मिलीमीटर म्हणजे घेरात जेमतेम १२ मिलीमीटर कमी होतील. उसवल्यावर मात्र लगेच शिवू नका. दोन्ही भाग कमरेकडून क्लिपांनी टांगा, किमान २४ तास, ४८ असतील तर उत्तम. ओल्या हवेच्या दिवसांत बाथरूमच्या दाराला नको, कोरड्या खोलीत. मग खाली उतरवून, जमिनीवर सपाट पसरून, कागदाशी जुळवून शिवणीची रेघ नव्याने आखा.

काजबटण
शिवताना मशीनवर झिगझॅग असेल तर रुंदी अर्धा मिमी, लांबी अडीच. नजरेला सरळच दिसते, पण कापड लोंबेल तशी शिवण देते. आत्ताच्या चुण्यांचं निम्मं कारण हेच, कापड खाली उतरलं आणि दोरा जागेवर राहिला.

दुहेरी_घडी
नुसतं सरळ टाक्याचं मशीन असेल तर टाका दोनवर आणा. इंचात दोरा जास्त जातो, तेवढी लवचीकता मिळते.

काजबटण
दोनवर घट्ट पॉलिएस्टर सॅटिन टोचून टोचून पुन्हा चुण्या पडतील. अडीच ठेवा आणि दोन्ही हातांनी, फूटच्या पुढून आणि मागून, सारखाच हलका ताण द्या. मागून ओढायचं नाही, नुसतं धरायचं. वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) ४वर असेल तर ३ करा. खालचा बॉबिनचा स्क्रू हलवू नका, मग आठवडाभर जुळत नाही.

दुहेरी_घडी
कतरणीवर दोन्ही करून बघा आणि दिवसाउजेडी पाहा, ट्यूबखाली नाही. वाद मिटेल. आणि शिवणीखाली पांढऱ्या टिश्यू पेपरची पट्टी घ्या, झिगझॅगच्या प्लेटचं भोक रुंद असतं, कापड त्यात ओढलं जातं. वर्तमानपत्र नको, शाई लागते. पतंगाचा कागद तर मुळीच नको, रंग सुटतो.

कटोरीवाली
टाचण्या बघून लावा. आपल्याकडच्या हवेत डबीतल्या निम्म्या गंजलेल्या असतात आणि सॅटिनवरचा गंजाचा ठिपका जात नाही. मायेतच लावा, पलीकडे नको.

गिरगावची_पिको
मग खालच्या कडेला काय, हातशिलाई? अख्ख्या घेराला?

उभाधागा
मशीननेच. शिवून, इस्त्री करून पुन्हा एक रात्र टांगा. मग स्कर्ट अंगावर घालून, जो बूट घालणार तो घालून, टेबलावर नाही तर सपाट जमिनीवर उभं राहायचं. दुसऱ्याने पट्टी जमिनीवर उभी धरून दर दोन इंचांवर खडूची खूण करायची. घालणारीने फिरायचं नाही, खुणा करणाऱ्याने फिरायचं. खुणा जोडून कापा. मग कडेपासून सहा मिमीवर टीप, टिपेवर दुमडून घडीलगत दुसरी टीप, उरलेलं कापड दुसऱ्या टिपेला दोन मिमी ठेवून छाटा, पुन्हा दुमडून तिसरी टीप. इस्त्री पॉलिएस्टरच्या आकड्यावर, वर सुती कापड ठेवून, आणि उचलून टेकवायची. सरकवलीत की कड पुन्हा ताणली.

काजबटण
पुढच्या वेळी कापड घेताना सोपा हिशोब: (लांबी + घेराकडची रुंदी) भागिले १.४१. तुमचा स्कर्ट ३० इंच लांब, घेराकडे २६ धरला तर ५६ भागिले १.४१, म्हणजे ४० इंच. एका भागाला इतका पन्हा आणि इतकीच लांबी. ४४ पन्ह्यात दोन्ही भाग योग्य दिशेने हवे असतील तर ८० इंच, म्हणजे दोन मीटर. धुऊन आटायला धरून सव्वादोन घ्या. पावणेदोन मीटरमध्ये फक्त चुकीची दिशा बसते. आणि पूर्ण ड्रेस ४८ इंच लांब असेल तर ४४ पन्हा पुरतच नाही, ५८चा घ्या किंवा कमरेला जोड द्या.

रिमोट_कुठाय
अवांतर: ५८ पन्ह्याचं सॅटिन हिंदमाताला की मंगलदास मार्केटला बरं?

दुहेरी_घडी
दोन्हीकडे मिळतं. दुकानात कापड तिरकं धरून सोडून बघा. परत जागेवर न येता पिशवीसारखं लोंबत राहिलं तर तिथेच ठेवा. उरेबचा शोध १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने यांनी—

काजबटण
शोध नाही. उरेब पट्ट्या आधीपासून लागत होत्या. त्यांनी अख्खा पोशाख उरेबवर पेलून दाखवला.

मोगरा_७
बुधवार रात्र. सुई ११ लावली, टेन्शन ३, झिगझॅग अर्धा. चुण्या ९० टक्के गेल्या!! कालपासून टांगलेला, मध्यभाग पाऊण इंच उतरला होता. काठाची पट्टीही लावली. पण कमर आता दीड इंच सैल झालीय, खाली घसरतेय. पट्टी लावूनसुद्धा?

उभाधागा
पट्टीची लांबी कशावर मापली? कागदावर की कापडावर?

मोगरा_७
कापडावर. त्यालाच तर लावायची होती.

उभाधागा
ताणलेल्या कमरेच्या मापाची पट्टी कापलीत. उसवा. कागदाच्या पॅटर्नवर कमरेची रेघ मापा, मायेचा भाग सोडून. तेवढीच पट्टी कापा. पट्टीचे आणि कमरेचे चार सारखे भाग पाडून खुणा जुळवा, मग पट्टी वर, कापड खाली दात्यांवर.

कटोरीवाली
कटोरीसारखं!

मोगरा_७
हो ताई. कटोरीसारखं. उसवते.