आईच्या हाताला कंप : शुगर की पार्किन्सन्स?

सातारची लेक
आई ७१ वर्षांची, जुना डायबेटिस, रात्री इन्सुलिन. दिवाळीपासून टीव्ही बघताना मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरतो. घरचे म्हणतात, शुगर उतरली असेल, साखर दे. काल थरथरत असताना मीटर लावलं तर १६८! चालताना चप्पलही पायातून निसटते, तिला कळतही नाही. न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. डायबेटिसमुळे पार्किन्सन्स (कंपवात) होतो का?

कोथरूडकर
ताई, मीटर लावलंत ते उत्तम केलंत. माझ्या बाबांना दोन्ही आहे. शुगर उतरली की त्यांचे दोन्ही हात कापतात, दरदरून घाम येतो, भूक लागते, आणि साखरपाणी घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत थांबतं. पार्किन्सन्सचा कंप बहुधा एका बाजूनं सुरू होतो, हात स्वस्थ असताना जास्त, कप उचलायला गेले की कमी. बाबांचा अंगठा तर्जनीवर असा फिरतो की जणू तंबाखू मळतायत. १६८ असताना साखर मुळीच देऊ नका.

एकामुळे दुसरा होतोच असं नाही. टाइप २ असणाऱ्यांत पार्किन्सन्सचा धोका थोडा जास्त आढळतो, आणि दोन्ही असले की चालणं व स्मरणशक्ती लवकर ढासळू शकते. चपलेचं मात्र मनावर घ्या. तळवे बधिर, त्यात तोल जाणारा. बाबा पडले ते असेच, बाथरूमच्या उंबऱ्यावर. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्या, त्या गोळीनं ते कमी होऊ शकतं. बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निवृत्त फार्मासिस्ट
डायबेटिसच्या इंजेक्शननं पार्किन्सन्स थांबतो, असे मेसेज फिरतात म्हणून लिहितो. लिक्सिसेनाटाइड या अशाच एका इंजेक्शनच्या फ्रान्समधल्या चाचणीत (२०२४, १५६ रुग्ण) हालचाली बिघडणं थोडं रोखलं गेलं, पण जवळपास निम्म्यांना मळमळ झाली. ब्रिटनमधल्या एक्सेनाटाइड या त्याच गटातल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत (२०२५) फायदा दिसला नाही. मनानं काही सुरू करू नका. लेव्होडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी) सुरू झालीच तर ती वरण-पनीरच्या जेवणासोबत नको, प्रथिनं तिचं शोषण अडवतात. जेवणाची वेळ हलली तर इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारून घ्या.

सातारची लेक
दोघांचेही मनापासून आभार. बी १२ ची तपासणी उद्याच करून घेते. थरथरतानाचा व्हिडिओ काढून नेला तर चालेल ना?

कोथरूडकर
नक्की न्या. चालतानाचा पण काढा, वळताना विशेषतः.