मदत हवी आहे : मोठ्या कुत्र्याच्या जेवणाच्या स्टँडची उंची किती ठेवावी? (सुतार उद्या सकाळी येणार आहे)

कृष्णाकाठ (वाई), रात्री ८.४०
नमस्कार. आमच्या कुत्र्याचे जेवणाचे भांडे उंचावर ठेवता येईल असा लाकडी स्टँड करून घ्यायचा आहे. सुतार उद्या सकाळी नऊ वाजता येणार आहे आणि त्यानंतर पंधरा दिवस तो मिळणार नाही, म्हणून उत्तर आजच हवे आहे. कुत्रा मोठा आहे. मान खाली घालून खाल्ल्याने पोटात हवा जाते आणि पोट फुगते असे कळले. तेव्हा भांड्याची कड जमिनीपासून किती इंचांवर असावी आणि लाकूड सागवानी घ्यावे की प्लायवूड चालेल, एवढेच कृपया सांगावे.

पिंपळपान, रात्री ८.५२
मोठा म्हणजे कोणत्या जातीचा, किती वर्षांचा आणि किती वजनाचा, हे लिहिल्याशिवाय उंची कशी सांगणार? दुसरे असे की, इतकी वर्षे खाली ठेवलेल्या भांड्यात खात असेल तर स्टँडची गरज आत्ताच का भासली? काही झाले होते का?

उंबरठा, रात्री ८.५८
मी अठरा वर्षे ग्रेट डेन पाळत आलो आहे. भांडे कुत्र्याच्या छातीच्या खालच्या रेषेला असावे, म्हणजे डेनसाठी साधारण वीस इंच. माझ्या तिन्ही कुत्र्यांनी आयुष्यभर स्टँडवरच खाल्ले आणि एकाचेही पोट कधी फुगले नाही. प्लायवूड घेऊ नका, पाणी सांडून सांडून त्याचे पापुद्रे सुटतात.

कृष्णाकाठ (वाई), रात्री ९.०५
ग्रेट डेनच आहे, लिहायचे राहून गेले. नर, साडेपाच वर्षांचा, वजन ५८ किलो, नाव वाघ्या. परवा रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने तो सारखा ओकारी काढल्यासारखे करू लागला, परंतु चिकट पांढऱ्या फेसाखेरीज काही बाहेर पडले नाही. एका जागी बसेना, उठून फेऱ्या मारी आणि मान वळवून पोटाकडे पाही. सुमारे तासाभराने मोठा ढेकर दिला आणि झोपला. काल इथल्या दवाखान्यात दाखवले, तेव्हा ‘गॅस झाला होता’ असे सांगून इंजेक्शन दिले. आता व्यवस्थित खात आहे. म्हणूनच स्टँड करायचा आहे. उंबरठा यांचे आभार, वीस इंच सांगते सुताराला.

पशुवैद्य_लातूर, रात्री ९.२१
ताई, सुताराला आज काहीही सांगू नका आणि पुढचे शांतपणे वाचा. स्टँडच्या उंचीपेक्षा परवा रात्री जे घडले ते फार महत्त्वाचे आहे. ओकारीचा जोर लागतो पण पोटातून काहीच येत नाही, लाळ व फेस गळतो, जनावर बेचैन होऊन पोटाकडे पाहते, ही खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये जठर फुगण्याची आणि त्याला पीळ पडण्याची पहिली लक्षणे असतात. वाघ्याच्या जठराला पीळ पडला नसावा किंवा पडता पडता राहिला असावा, कारण पूर्ण पीळ पडला असता तर तो ढेकर देऊन झोपू शकला नसता.

पीळ पडतो तेव्हा जठराची वरची व खालची दोन्ही तोंडे बंद होतात, आतला वायू ना ढेकरातून निघतो ना पुढे आतड्यात सरकतो, आणि फुगलेले जठर पोटातील मोठ्या शिरांवर दाबून बसल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्तच कमी पडते. जठराच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, शेजारची प्लीहा जठरासोबत ओढली जाते आणि काही तासांतच कुत्रा कोसळतो. उपचार मिळाले नाहीत तर तो बहुधा वाचत नाही. शस्त्रक्रिया वेळेत झाली तर बहुतेक कुत्री वाचतात. म्हणून मला विचारायचे आहे ते असे : तो दिवसातून किती वेळा खातो, किती वेगाने खातो, आणि त्याच्या आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला हा त्रास झाला होता का?

बांधावरचा, रात्री ९.३०
आमच्याकडे गाईने ओला लसूणघास जास्त खाल्ला की पोटफुगी होते. तेव्हा गोडेतेल पाजतात, ओवा-हिंगाचे पाणी देतात, आणि अगदीच श्वास कोंडला तर डॉक्टर डाव्या कुशीत नळी खुपसून वायू काढतात. कुत्र्यालाही ओवा-हिंगाचे कोमट पाणी पाजावे आणि अंगणात फिरवावे, उतार पडेल. प्रत्येक गोष्टीला शस्त्रक्रिया सांगणे बरे नव्हे.

पशुवैद्य_लातूर, रात्री ९.४१
बांधावरचे दादा, गाईबद्दल आपण लिहिलेत ते खरे आहे. लसूणघासाने रवंथाच्या पोटात फेस धरतो आणि तेलाने तो फुटतो, म्हणून तिथे तेलाचा उपयोग होतो. कुत्र्याचे जठर एकच असते आणि इथे अडचण फेसाची नसून पिळाची असते. पिरगळलेल्या पिशवीचे तोंड औषधाने उघडत नाही. उलट कोरडी ओकारी काढणाऱ्या कुत्र्याला काहीही पाजले तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाजण्यात आणि फिरवण्यात जो अर्धा तास जातो तो अर्धा तास रस्त्यावर घालवला असता तर कुत्रा वाचला असता, असे मला अनेकदा सांगावे लागले आहे. ही गोष्ट मी अजिजीने लिहीत आहे, वादासाठी नाही.

कारवानप्रेमी, रात्री ९.४८
परदेशी जाती आपल्या हवेत पाळल्या की असेच होते. आमच्या भागातील कारवान किंवा मुधोळकडची कुत्री पाहा, भाकरीवर वाढतात आणि दिवसभर धावतात. पुढच्या वेळी तोच विचार करावा.

पिंपळपान, रात्री ९.५५
पुढचा कुत्रा कोणता घ्यावा, हे कोणी विचारलेले नाही. आणि कारवानाची छाती तरी कुठे उथळ असते? अरुंद आणि खोल छाती हेच या आजाराचे मूळ असेल तर त्यालाही सांभाळावे लागेल.

कृष्णाकाठ (वाई), रात्री १०.०४
मी विचारले ते उंचीबद्दल आणि उत्तरे शस्त्रक्रियेपर्यंत गेली, त्यामुळे मी गोंधळून गेले आहे. तरी विचारलेले सांगते. घरातील सगळे दिवसभर बाहेर असल्याने वाघ्याला एकदाच, रात्री आठ वाजता, कोंबडी-भाताचे मोठे पातेले देतो आणि तो ते दोन-तीन मिनिटांत संपवतो. त्याची आई पोट फुगूनच गेली असे ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांनी सांगितले होते, पण ती म्हातारी होती म्हणून आम्ही त्याचा फार विचार केला नाही. आता स्टँड करावा की करू नये?

उंबरठा, रात्री १०.१२
अवश्य करावा. मान सरळ राहिली की हवा कमी गिळली जाते, हे साधे तर्कशास्त्र आहे.

पशुवैद्य_लातूर, रात्री १०.३३
करू नये. तर्क सर्वांना पटण्याजोगा होता म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला, पण मोजणी करून पाहिल्यावर चित्र उलटे दिसले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन यांच्या गटाने मोठ्या आणि महाकाय अशा अकरा जातींच्या १,६३७ कुत्र्यांचा मागोवा घेतला आणि २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंच भांड्यातून खाणाऱ्या कुत्र्यांना हा त्रास अधिक होतो असे आढळले. वाढते वय, भराभर खाणे आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार असणे यांनीही धोका वाढत होता. नात्याचा परिणाम तर सुमारे ६३ टक्के वाढ इतका होता. उंबरठा यांच्या समाधानासाठी हेही नोंदवतो की नंतरच्या एका पाहणीत भांड्याच्या उंचीचा असा संबंध दिसला नाही. परंतु स्टँडमुळे धोका कमी होतो असे दाखवणारा अभ्यास माझ्या वाचनात नाही. आपल्या तिन्ही कुत्र्यांना काही झाले नाही याचा मला आनंदच आहे, पण तीन कुत्र्यांवरून नियम बांधता येत नाही.

ताई, एकदाच मोठे जेवण, अतिवेग आणि आईचा इतिहास, या तीन गोष्टी वाघ्यामध्ये एकत्र आल्या आहेत. जेवण दोन किंवा तीन वेळांत विभागा, भात पसरट परातीत पसरून मध्ये त्याला गिळता येणार नाही असा मोठा धुतलेला गोटा ठेवा म्हणजे वेग मंदावेल, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर उड्या मारू देऊ नका. या शेवटच्या गोष्टीचा पुरावा कच्चा आहे, पण ती पाळल्याने काही बिघडत नाही.

गोदाकाठची, रात्री १०.५०
हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. आमची डॉबरमन रात्री अकरा वाजता अशाच कोरड्या ओकाऱ्या काढू लागली. आम्ही तिला तासाभरात दवाखान्यात नेले, तिथे तिला गॅसचे इंजेक्शन देऊन सकाळी आणायला सांगितले. तिचे पोट मला तेवढे फुगलेले वाटले नव्हते, म्हणून मीही निश्चिंत झाले. पहाटे चार वाजता ती गेली. डॉक्टर, पोट दिसायला फुगलेले नसतानाही असे होते का?

पशुवैद्य_लातूर, रात्री ११.०२
होय. खोल छातीच्या कुत्र्यात फुगलेले जठर पुष्कळ वेळ बरगड्यांच्या आडच राहते, त्यामुळे ‘पोट फुगलेले नाही, म्हणजे काही नाही’ असे म्हणता येत नाही. आपली चूक झाली असे मनात धरू नका. कोरडी ओकारी आणि बेचैनी दिसताच उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढायला हवा, त्यात दुमडलेले जठर बहुधा स्पष्ट दिसते. त्यानंतर पुढच्या पायांच्या शिरांतून जोरात सलाईन देणे, नळीने किंवा सुईने वायू काढणे आणि मग शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. वायू निघाल्यावर कुत्र्याला बरे वाटते, पण पीळ तसाच असू शकतो, म्हणून तिथे थांबायचे नसते.

पिंपळपान, रात्री ११.१०
आमच्या जर्मन शेफर्ड मादीची नसबंदी करताना सर्जनने त्याच भुलीत गॅस्ट्रोपेक्सीही केली, म्हणजे जठराचा खालचा भाग पोटाच्या उजव्या भिंतीला शिवून टाकला. दहा-बारा दिवसांत ती पूर्ववत झाली. कृष्णाकाठ ताईंनी याची चौकशी करावी, असे सुचवते.

पशुवैद्य_लातूर, रात्री ११.१८
मीही तेच सुचवणार होतो. गॅस्ट्रोपेक्सीने वायू धरणे थांबत नाही, पण पीळ पडणे जवळजवळ थांबते, आणि जीव जातो तो मुख्यतः पिळाने. वाघ्यासारख्या कुत्र्यात ती संकट येण्याआधी करणे केव्हाही श्रेयस्कर. तोपर्यंत, तो निवांत झोपलेला असताना त्याची हिरडी बोटाने दाबून सोडा आणि गुलाबी रंग किती वेळात परततो ते पाहा. निरोगी कुत्र्यात तो दोन सेकंदांच्या आत परततो. डाव्या कोपराच्या मागे हात ठेवून मिनिटाचे ठोके मोजून लिहून ठेवा. त्याचे नेहमीचे काय आहे हे माहीत असेल तरच बिघडलेले ओळखता येईल. हिरड्या फिकट पडण्याची वाट मात्र पाहू नका, ते उशिराचे लक्षण आहे.

कृष्णाकाठ (वाई), दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.४०
सर्वांचे मनापासून आभार. काल माझ्या लिहिण्यात त्रागा आला असेल तर क्षमा असावी, आईची गोष्ट मी पहिल्याच वाक्यात सांगायला हवी होती. सुताराला परत पाठवले. आज सकाळी वाघ्याला परातीत गोटा ठेवून अर्धेच जेवण दिले, ते संपवायला त्याला अकरा मिनिटे लागली. झोपेत ठोके ७२ भरले. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गॅस्ट्रोपेक्सीची चौकशी करायला यजमान उद्या जाणार आहेत. एकच प्रश्न उरला आहे : रात्री असे झाले तर खंबाटकीच्या बोगद्यातून शिरवळला न्यावे, सातारला न्यावे की थेट पुण्याला?

पशुवैद्य_लातूर, दुपारी १२.०५
जिथे त्या वेळी शस्त्रक्रिया करणारा हात आणि भूल देण्याची सोय असेल तिथे, मग ते ठिकाण जरा दूर असले तरी. हे रात्री शोधत बसायचे नाही. यजमान उद्या जातील तेव्हा रात्री व रविवारी तिथे शस्त्रक्रिया होते का, हे त्यांना स्पष्ट विचारू द्या. साताऱ्यात आणि पुण्यातही फोनवर हेच विचारा. जिथून ‘होय’ असे उत्तर मिळेल ते क्रमांक दाराजवळ लावून ठेवा आणि गाडी निघताच तिथे फोन करा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत त्यांची तयारी झालेली असेल.

उंबरठा, दुपारी १२.३०
माझी एक मादी सात वर्षांची आहे. तिच्या भांड्याचा स्टँड मी आज काढून ठेवला. डॉक्टर, या वयात गॅस्ट्रोपेक्सी करता येते का?