मॉर्मन ग्रंथातील राजा बेंजामिन आणि आपले ‘सत्पात्री दान’

नागपूरकर: काल येथे एका सदस्यांनी मॉर्मन ग्रंथाला, म्हणजे अमेरिकेतील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या धर्मग्रंथाला, ‘१८३० साली न्यू यॉर्ककडे छापलेली भाकडकथा’ म्हणून निकालात काढले, म्हणून हा स्वतंत्र धागा. मी तो ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचला आहे आणि ‘आणि असे झाले की’ या पालुपदाने मीही बेजार झालो. पण वृद्ध राजा बेंजामिन मनोऱ्यावरून प्रजेशी बोलतो, ते प्रकरण वाचल्यावर मला पुस्तक मिटून बसावे लागले. प्रजेवर करांचा बोजा पडू नये म्हणून आपण स्वतः हातांनी राबलो, असे सांगणारा हा राजा म्हणतो की, याचकाने ही दशा स्वतःच ओढवून घेतली असे म्हणून हात आखडता घेऊ नका, कारण देवापुढे आपण सारेच याचक आहोत. आपल्या सत्पात्री दानाच्या सवयीवर याहून नेमके बोट मी कोठे पाहिले नाही.

शंकासुर: ते सदस्य मीच, आणि शब्द मागे घेत नाही. ज्या ग्रंथात देवाविरुद्ध गेलेल्या ‘लामानी’ नावाच्या लोकांची कातडी शापामुळे काळी होते, त्यातले एक गोड प्रवचन वेचून आरती ओवाळणे मला जमणार नाही. एका वचनातले ‘गोरे’ १९८१ च्या आवृत्तीत ‘शुद्ध’ झाले आणि मॉर्मन चर्चमधली कृष्णवर्णीयांवरील याजकपदाची बंदी उठायला १९७८ साल उजाडावे लागले, हा धडा का नाही घेतलात?

माई: कातडीचे तुम्ही दोघे पाहा. सत्पात्री दान ही ‘सवय’ कशी? गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहूनच द्यावे असे स्पष्ट आहे. आमच्या सिग्नलवर एक बाई तान्ह्या बाळाच्या औषधाची चिठ्ठी दाखवीत असे. मी पैसे दिले. दोन वर्षांनी पाहते तर चिठ्ठी तीच आणि बाळही तेवढेच तान्हे!

सॉल्टलेककर: माईंच्या त्या बाळावर किती कुटुंबांची भाकरी अडवायची? मी अकरा वर्षे मॉर्मनांचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेतील युटा राज्यात आहे, पण स्वतः मॉर्मन नाही. माझी नोकरी गेली तेव्हा शेजारच्या मॉर्मन कुटुंबाने तीन महिने शिधा आणून दिला आणि माझी पात्रता कोणी विचारली नाही. ही मंडळी महिन्यातून एकदा दोन जेवणे सोडतात आणि त्यांचे पैसे गरजूंसाठी देतात.

शंकासुर: शेजाऱ्याने विचारले नसेल, पण त्यांचा बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, विचारतो. आधी स्वतःचे आणि घरच्यांचे बळ वापरा, मग चर्चची मदत घ्या आणि जमेल तसे काम करून तिची भरपाई करा, ही त्यांचीच रीत आहे. म्हणजे बेंजामिनचे अनुयायीही शेवटी माईंच्याच पंगतीला.

नागपूरकर: हा मुद्दा बिनतोड आहे, हे कबूल करताना मला मुळीच आनंद होत नाही. कातडीच्या वचनाचे समर्थनही मी करणार नाही. ते मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवे होते. मात्र त्याच प्रवचनात, ज्याच्यापाशी देण्यासारखे नाही त्याने ‘असते तर दिले असते’ एवढे मनात म्हणावे, असेही आहे. माई, ज्यांच्यापाशी आहे त्यांच्यासाठी ही पळवाट नाही.

माई: टोमणा पोचला. ते वचन सवडीने वाचीन. पण ते बाळ एव्हाना बालवाडीत जायला हवे होते, एवढे तरी मान्य करा.