ग्लिया म्हणजे नुसता सरस? कालच्या पोस्टला उत्तर

माशीवाला_परळ
काल इथे ग्लियांवर, म्हणजे चेतापेशींच्या सोबतच्या आधार-पेशींवर, कुणीतरी ठणकावून लिहिलं: ‘कीटकांच्या भ्रूणात ग्लिया म्हणजे नुसता सरस. जीसीएम हे जनुक बिघडलेल्या म्युटंटमध्ये ग्लिया नसतात, तरी चेतापेशींचे अक्षतंतू ठिकाणावर पोचतात. विषय संपला.’

कसला संपतोय! फळमाशीत जीसीएम गेलं की बाजूचे ग्लिया जातात. मध्यरेषेचे ग्लिया जीसीएमच्या हुकमतीत नाहीतच. बाजूच्या ग्लियांतल्या रेपो या प्रथिनाच्या अँटीबॉडीने ते रंगत नाहीत, म्हणून स्लाइड बघणाऱ्याला वाटतं की सगळेच गेले. स्लिट हे तंतूंना दूर ढकलणारं प्रथिन नेमकं तेच सोडतात. स्लिट काढा, सगळे तंतू मध्यरेषेवर कोसळून तिथेच बसतात. स्लिट ओळखणारं तंतूंवरचं रोबो काढा, एकदा ओलांडलेले पुन्हा पुन्हा ओलांडत राहतात. हा सरस असेल तर दादर टीटीचा हवालदारही फेविकॉलच.

वाकडी_वाट
ती पोस्ट माझीच. हवालदार थांबवतो, पत्ता सांगत नाही. नाकतोड्याच्या पायातले पहिले तंतू ज्या पेशींवर पाय ठेवत पुढे सरकतात त्या चेतापेशी आहेत, ग्लिया नव्हेत. त्या मारल्या की तंतू भरकटतात, हे १९८३ पासून माहीत आहे.

माशीवाला_परळ
पायातून वर या. त्याच नाकतोड्याच्या मज्जारज्जूत खंडाच्या सीमेवर एक ग्लिया-पेशी बसलेली असते. एसीसी आणि यू या चेतापेशींचे तंतू तिच्या अंगावरून बाहेर वळतात. ती आधीच मारली तर वळण बिघडतं. हे १९८६ चं.

ताट_पालथं_ठेवा
दोघंही ‘मारली, मारली’ म्हणताय. कधी मारली? रेपो-गाल४ या ग्लियांपुरत्या कळीने हिड हे पेशीमारक जनुक चालवलं तर प्रथिन साचून पेशी मरेपर्यंत वेळ जातो. तोवर पीसीसी, एमपी१, डीएमपी२ आणि व्हीएमपी२ या वाटाड्या चेतापेशींचे तंतू भ्रूणवाढीच्या बाराव्या टप्प्यातच निघालेले असतात. मग ‘ग्लिया नसूनही पोचले’ हे वाक्य खोटं. ग्लिया होते तेव्हाच ते निघाले. त्यात मुंबईचा मे महिना. २५ अंशांना बारावा टप्पा अंडं घातल्यापासून साधारण साडेसात ते सव्वानऊ तासांत येतो. एसी बंद पडून खोली ३२ वर गेली की ते तास विसरा.

वाकडी_वाट
मग २९ वर ठेवा, गाल४ जोरात चालतं.

ताट_पालथं_ठेवा
आणि भ्रूण काय बसून राहतो? तोही पळतो. शर्यत तीच, फक्त वेगात. घड्याळ बघूच नका. भ्रूणाचा लांबलेला अंगपट्टा मागे सरकतोय तो बारावा, पूर्ण सरकला की तेरावा. पुढचे टप्पे आतड्याच्या आकारावरून. माश्या ज्यावर अंडी घालतात ते पहिल्या तासाचं ताट फेकून द्या, माद्या फलित अंडी पोटात धरून ठेवतात. ती त्यात आली की वयं मिसळतात.

माशीवाला_परळ
ताटाचा धागा वेगळा काढा ना!

ताट_पालथं_ठेवा
नाही काढत. निम्मे ‘निष्कर्ष’ ताटावरच बिघडतात. अंड्याचं कवच काढायचं ब्लीच उन्हाळ्यात कमजोर होतं. ५० टक्क्यांत तीन मिनिटं ठेवून कवच गेलं असं गृहीत धरतात. पाठीवरची दोन शिंगं गेलीत का ते सूक्ष्मदर्शकात बघा. शिंगं राहिली तर पेशी टिकवणारं फिक्सेटिव्ह नीट आत जात नाही, आणि मिथेनॉलमध्ये हलवल्यावर आतलं पटल फुटत नाही. जे भ्रूण बुडाले ते घ्या, मधल्या थरात तरंगणारे टाका. जीएफपी हे चमकणारं खूण-प्रथिन बघायचं असेल तर मिथेनॉलच नको, ते चमक मारतं. पटल हाताने सोला. जीएफपी दिसत नाही म्हणजे ग्लिया नाहीत, असं लिहिणारे महाभाग आहेत.

वाकडी_वाट
टोमणा पोचला. बरं, मध्यरेषा तुमची. घ्या, हार घाला. पण जीसीएम म्युटंटमध्ये ग्लिया व्हायच्या पेशी चेतापेशी होतात. म्हणजे वाटाड्या गेलाच, वर गर्दी वाढली. तंतू चुकले ते कशामुळे? पंखात तर ग्लिया तंतूंच्या मागून चालतात. मागून चालणारा कसला वाटाड्या!

माशीवाला_परळ
गर्दीचा मुद्दा खरा आहे, म्हणून एकट्या जीसीएमवर कुणी भिस्त ठेवू नये, तुम्हीसुद्धा. पंख सोडा, डोळा घ्या. तिथे ग्लिया मेंदूला जोडणाऱ्या देठातून डोळा घडवणाऱ्या चकतीत आधी शिरतात. त्यांना अडवलं तर प्रकाशग्राही तंतूंना देठात शिरता येत नाही.

अँटेना_कुलाबा
माशीची शृंगिका, म्हणजे अँटेना, कुणालाच आठवत नाही. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेत वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्या गटाने दाखवलंय की तिथले बरेचसे ग्लिया एटोनल या जनुकाच्या पेशी-वंशावळीतून येतात. लवकर निघणारे काही तंतूही त्याच वंशावळीचे. एटोनल काढलं की दोघंही हातचे जातात. आता सांगा, दोष कुणावर टाकाल?

वाकडी_वाट
ताटावर.